प्रादेशिक विमान कंपनीचा कॅडेट प्रोग्रॅम: पहिला हप्ता भरण्याआधी

पाचपैकी अडीच तारे. तेही त्यांच्या ट्रेनिंग कॅप्टनमुळे.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका हॉटेलात कंपनीच्या या प्रोग्रॅमचं, म्हणजे पैसे भरून पायलटचं प्रशिक्षण आणि पुढे तिथेच नोकरीची आशा, माहितीसत्र होतं. लेकीला पायलटच व्हायचंय, म्हणून गेलो. मिरजेचे डॉक्टर, तासगावचे द्राक्षबागायतदार, आमच्यासारखे नोकरदार, हॉल भरलेला. कॅप्टन खणखणीत बोलले. सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी, 200 तासांचं उड्डाण लागतं आणि पुढे जे विमान चालवायचं त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाचं खास प्रशिक्षण, वेगळं करावं लागतं, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जवळच्या मार्गांवर एटीआर 72 हे पंख्याचं छोटं विमान दिवसातून तीन-चारदा उतरवावं लागतं, त्यामुळे हात लवकर बसतो, हेही पटलं. एका मुलाने विचारलं, पुढे एअरबसवर जाता येईल का? "येईल, पण त्याचं रेटिंग पुन्हा वेगळं आणि खर्चही वेगळा." माणूस आवडला.

मग मार्केटिंगचे साहेब उभे राहिले.

मी बँकेत कर्ज विभागात आहे. कराराचा मसुदा मागून घेतला आणि घरी येऊन ओळ न् ओळ वाचली. पहिला हप्ता नऊ लाख, परत न मिळणारा, आणि तो क्लास वन मेडिकलच्या, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीच्या, आधी! रंगदृष्टी, ईसीजी, कान, काहीही आडवं आलं की पोरगी बाहेर आणि पैसे कंपनीकडे. नोकरी "कंपनीच्या गरजेनुसार". बाँड मात्र पक्का, पाच वर्षांचा.

सत्रात तासगावच्या एका काकांनी नेमकं विचारलं होतं, "सायेब, तुमची कंपनीच बंद पडली तर आमच्या पोराचं काय?" उत्तर आलं, "सर, भारतात एव्हिएशन वाढतंय." वाढतंयच की. तरी 2019 मध्ये जेट एअरवेज थांबली, 2022 मध्ये ट्रूजेट, 2023 मध्ये गो फर्स्ट. अशा वेळी हजारो तास उडवलेले पायलट नोकरी शोधायला लागतात, मग नव्या पोरांना कोण विचारतो? बँकेचा हप्ता मात्र कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं, आणि आमच्याकडे तारण म्हणजे राहतं घर. हे म्हणतात, "पोरीच्या मनात आहे ना, भरून टाकू." घर ह्यांच्या वडिलांनी बांधलेलं, त्यामुळे मी तेवढ्यापुरती गप्प बसले.

सध्या ठरलंय ते असं: आधी क्लास टू ही प्राथमिक तपासणी, मग क्लास वन मेडिकल. त्यात लाखांचा प्रश्न नाही. सोबत परवान्यासाठीचे नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामान), रेग्युलेशनचे पेपर. पास व्हायला 70 टक्के लागतात, म्हणजे पोरगी किती नेटाने बसते तेही कळेल. बारामतीला फ्लाइंगची सोय आहे, तिकडेही चौकशी चालू आहे. त्या वाटेला नोकरीची हमी नाही, मान्य. या करारात तरी कुठे आहे?

कंपनीला दोन गोष्टी मेलवर विचारल्यात. पहिला हप्ता मेडिकलनंतर घ्याल का, आणि कंपनी थांबली तर न उडवलेल्या तासांचे पैसे परत देण्याचं करारात लिहाल का. "आमची टीम संपर्क करेल" एवढंच उत्तर आलंय. दोन्हीला लेखी हो आलं तर तारे वाढवेन.