विहिरीवरचा ईएसपी३२: दिवाळी ते गणपती

गुहागरला घरामागच्या आगरात विहीर आहे. पाणी किती उरलंय ते पडवीत बसून कळावं म्हणून दिवाळीनंतर ईएसपी३२ या वाय-फायवाल्या छोट्या कंट्रोलर चिपचा तयार बोर्ड, आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि एक १८६५० लिथियम सेल डब्यात घालून कठड्यावर बसवला. अर्ध्या तासाने उठायचं, पातळी मोजून वाय-फायवर टाकायची, परत झोपायचं.

महिनाभरात रडगाणं सुरू. सेल निम्मा शिल्लक असतानाच बोर्ड गप्प. मीटर लावावा तर ३.७ व्होल्ट, करंटही शहाण्यासारखा. पण मीटर सरासरी दाखवतो, आणि दुखणं होतं काही मिलिसेकंदांचं. व्होल्टेजची क्षणाक्षणाची उडी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मित्राकडून आणला, सेलच्या वाटेत ०.१ ओहमचा रेझिस्टर टाकला. वाय-फायचा रेडिओ उठताना ४० मिलिव्होल्टचं टोक आलं, म्हणजे ४०० मिलिअँपिअर! चिपच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, ८०२.११बी या वाय-फाय प्रकारावर पाठवताना २४० लिहिलेत, पण सप्लाय निदान ५०० चा हवा असंही आहे. ती ओळ मी वाचून सोडून दिली होती.

आता हिशोब बघा. बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर, म्हणजे चिपपुरतं व्होल्टेज उतरवून देणारा भाग, अशा लोडवर साधारण १.१ व्होल्ट स्वतःकडेच ठेवतो. ३.७ मधून ते गेले की २.६. चिपचा ब्राउनआउट, म्हणजे ज्याखाली ती स्वतःला रिसेट करते ते व्होल्टेज, २.४३ च्या आसपास. जरा कुठे वायर बारीक निघाली की रिसेट. यात रेग्युलेटरची चूक नाही, तो पाच व्होल्टसाठी बसवलेला. सेल जोडणारा मी.

मॉड्यूलच्या (बोर्डावरच्या चिप-रेडिओच्या डबीच्या) पायांशी ४७० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला, कॅपॅसिटर लावला; टोकाचा करंट तो साठ्यातून देतो, आणि मे उजाडेपर्यंत निभावलं. हावरेपणाने २२०० चाही लावून पाहिला, तर स्विच लावताक्षणी जास्त करंटला सेल तोडणारं प्रोटेक्शनच ट्रिप! रिकामा कॅपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो. वाय-फायची पॉवर उतरवली तेव्हा टोक खाली आलं, पण पोफळींतून सिग्नल घरापर्यंत पोचेना.

मेच्या शेवटी बाबा म्हणाले, "अरे, तुझं ते यंत्र रात्रभर काजव्यासारखं लुकलुकत होतं." सेल आदल्या दिवशीच भरलेला. डबा उघडला, तर होल्डरच्या स्प्रिंगला तांबूस गंज आणि वायरीच्या टोकाला हिरवा थर. खाऱ्या वाऱ्याने सात महिन्यांत जोडात जवळजवळ एक ओहम घातला होता. ४०० मिलिअँपिअरला तिथेच ०.४ व्होल्ट गेले. मग रिसेट, उठताना पुन्हा रेडिओ, पुन्हा तेच टोक, पुन्हा रिसेट. सकाळपर्यंत सेल कोरडा.

जूनमध्ये सगळं उचकटलं. रेग्युलेटर आणि लाल एलईडी काढून नुसतं मॉड्यूल ठेवलं, त्याला लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल थेट जोडला. होल्डर नाही, टॅब डाग दिलेले, वर कोटिंग. एकच पथ्य: चार्जरवरून काढल्या काढल्या हा सेल ३.६ च्या वर असतो आणि चिपची कमाल मर्यादा ३.६, म्हणून तासभर बसू द्यायचा. झोपेतला खर्चही उतरला. एएमएस१११७ एकटाच सुमारे ५ मिलिअँपिअर पीत होता, म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-अवर, तेही नुसतं झोपायला.

अख्खा पाऊस गेला. गौरी-विसर्जनाच्या दिवशी मोजलं तेव्हा सेल ३.२६ व्होल्टवर होता आणि विहीर काठोकाठ. सेन्सरच्या तोंडाशी मात्र कोळी जाळं विणतो, त्याला आठवड्याला झाडू लागतोच.