कास्ट आयर्न बुलेट ५००: टूरिंगसाठी केलेल्या इंजिन-गिअरबॉक्सच्या कामाचा वापरानंतरचा अनुभव

जुन्या बुलेटवर काम काढलं की बहुतेकांचं लक्ष आधी कार्ब, सायलेन्सर आणि हाय कॉम्प्रेशन पिस्टनकडे जातं. सामान लादून दिवसभर ८० च्या आसपास पळवायची असेल तर ऑइल पहिलं, मग बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग), मग गिअरिंग (इंजिन आणि चाकाच्या फेऱ्यांचं प्रमाण). ताकदीचं नाव शेवटी काढा, नाही काढलं तरी चालेल. या गाडीत मूळचं ६.५:१ कॉम्प्रेशन तसंच ठेवलंय आणि इतके महिने वापरून त्याची उणीव भासलेली नाही.

सगळ्यात जास्त वेळ ऑइल पंपांना द्यावा. फीड (इंजिनला ऑइल पुरवणारा) आणि रिटर्न (ते टाकीत परत नेणारा) हे दोन्ही पंप क्रँकवरच्या वर्मवर, म्हणजे स्क्रूसारख्या गिअरवर चालतात. वर्मचे आटे उलटे असतात, उजवीकडे फिरवला की सुटतो. नेहमीच्या सवयीने जोर लावू नका. पंपाच्या डिस्कवर मार्करने रेघोट्या मारा, ती जागेवर दाबून हातानेच थोडी फिरवा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली तर बैठक ठीक. एखाद्या पट्ट्यात शाई तशीच राहिली तर प्रेशर तिथूनच पळतंय. मग बारीक लॅपिंग पेस्ट लावून डिस्क बसवायची आणि नंतर पेस्टचा कणही राहणार नाही इतकं धुवायचं. मोठ्या क्षमतेचे पंप घेणार असाल तर रिटर्न फीडपेक्षा जास्त ओढणारा हवा, नाहीतर क्रँककेस (क्रँकभोवतीचं कवच) ऑइलने भरत जाते.

पंप चांगले असले तरी बरेच दिवस उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल खाली झिरपतंच. डिपस्टिक कोरडी दिसते म्हणून वरून ओतलं की गाडी ते ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ओकते. आधी पाच मिनिटं इंजिन चालवा, मग लेव्हल बघा.

फ्लोटिंग बुशऐवजी (मोकळ्या फिरणाऱ्या साध्या कडीऐवजी) रोलर बिग एंड टाकलं. बुशला ऑइलचा सतत पुरवठा लागतो, रोलर थोडक्यात भागवतो; पण कचरा त्याला अजिबात चालत नाही. त्यामुळे फिल्टर वेळेवर बदलणं आणि ड्रेन प्लगला लोहचुंबक, दोन्ही आलंच. क्रँक जुळवताना रनआउट (फिरताना शाफ्ट जितका डगमगतो ते माप) ०.०५ मिमीच्या आत आणून घ्या. पिस्टनचं वजन बदललं असेल तर बॅलन्सिंग पुन्हा करावंच लागतं, इथे कंजूषी केलीत तर हँडल आणि फूटरेस्ट लगेच सांगतात.

८४ मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधला गॅप साधारण ०.३५ मिमी. पिस्टनचा क्लिअरन्स (सिलिंडरपासूनची फट) पिस्टनवाल्याने दिलेलाच धरा. फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, त्याला कास्टचा हिशोब लावला की पहिल्याच लांब चढावर तो सिलिंडरमध्ये धरतो, म्हणजे अडकून बसतो. कार्बचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एक पायरी मोठा ठेवल्याने हेड थंड राहतं, पेट्रोल थोडं जास्त जातं. मला हा सौदा मान्य आहे.

गिअरिंगचा हिशोब कागदावर मांडून बघा. प्रायमरी (इंजिनकडून क्लचकडे जाणारी चेन) २५-५६ दातांची, मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटला ३८ दात. गिअरबॉक्सच्या पुढच्या स्प्रॉकेटला १७ दात असले तर ८० ला इंजिन साधारण ३२५० आरपीएमवर असतं, १८ ला ३०७५, १९ ला २९००. मोकळ्या सपाट रस्त्यावर १९ फार मोहक वाटतं. पण सामान आणि चढ एकत्र आले की टॉपमध्ये इंजिन कण्हत ओढतं, आणि कमी आरपीएमवरचा हा भार बिग एंडला जास्त आरपीएमपेक्षाही वाईट. म्हणून १८. चार गिअरमधली अंतरं मोठी असल्याने तिसरा लवकर टाकायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

गिअरबॉक्समध्ये घट्ट ग्रीस भरायची जुनी पद्धत सोडून द्या. गिअर त्यात चर पाडून मोकळे फिरतात आणि बुशपर्यंत काहीच पोचत नाही. पातळ, वाहतं ग्रीस (००) बरं. निव्वळ ऑइल भरलं तर सील गळतात. लेशाफ्टचे (गिअरबॉक्समधल्या दुय्यम शाफ्टचे) बुश नवीन घालून एंड प्ले (शाफ्टची लांबीच्या दिशेची मोकळीक) शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी जुळवून घेतला, त्यामुळे दुसऱ्या गिअरची घरघर बरीच कमी झाली. पूर्ण गेलेली नाही. फॉल्स न्यूट्रल (दोन गिअरच्या मध्येच न्यूट्रल) लागत असेल तर लगेच गिअर बदलायला धावू नका. कव्हर काढून स्टॉप प्लेटचे (गिअर बदलताना ढकल किती व्हावी ते ठरवणाऱ्या पट्टीचे) नट ढिले करा आणि प्लेट केसभर सरकवून बघा; ज्या बाजूला गिअर पडत नाही त्या बाजूची ढकल पूर्ण होईपर्यंत. प्रायमरी चेनला मधोमध ६ मिमी ढील ठेवा. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, तेव्हा इंजिन फिरवत जा आणि सर्वात घट्ट जागेवर माप घ्या.