परदेशात कंपनी घेताना राजकीय वजन किती कामाचं? एसएआयसी आणि गीलीची तुलना

परदेशातली कंपनी विकत घ्यायची तर आधी सरकारी भागीदार जोडावा का, संचालक मंडळावर निवृत्त अधिकारी घ्यावा का, हे ठरवणाऱ्यांनी दोन चिनी वाहन कंपन्यांचे व्यवहार जरूर पाहावेत.

एसएआयसी ही शांघाय महापालिकेच्या मालकीची कंपनी. तिने 2004 मध्ये सुमारे 50 कोटी डॉलरना दक्षिण कोरियातल्या सांगयाँग या वाहन कंपनीचे 48.9 टक्के भाग घेण्याचा करार केला. पण कबूल केलेली गुंतवणूक येत नाही आणि तंत्रज्ञान मात्र शांघायला जातं, असा आरोप तिथल्या कामगार संघटनेने केला. हायब्रिड तंत्रज्ञानाबाबत चौकशीही झाली. मालकच परक्या सरकारचा, त्यामुळे संशय लवकर बळावला. जानेवारी 2009 मध्ये सांगयाँगने देणेकऱ्यांपासून न्यायालयाचं संरक्षण मागितलं आणि एसएआयसीचा ताबा सुटला.

गीली खासगी. तिने 2010 मध्ये फोर्डकडून स्वीडनची व्होल्वो ही मोटार कंपनी घेतली. ठरलेली किंमत 180 कोटी डॉलर. ओळखी इथेही होत्या, चीनमधल्या स्थानिक सरकारांचा पैसा या खरेदीत होता. मात्र त्या ओळखींचा उपयोग पैसा उभारण्यापुरताच राहिला. व्होल्वोचं मुख्यालय, संशोधन आणि व्यवस्थापन स्वीडनमधल्या गोथेनबर्गलाच ठेवलं. 2013 मध्ये तिथेच वेगळं विकास केंद्र काढून गीली आणि व्होल्वो दोन्हींसाठी एकच सीएमए प्लॅटफॉर्म (गाडीचा सामायिक पाया) बनवला. त्यावर व्होल्वो एक्ससी 40 आणि गीलीच्याच 'लिंक अँड कंपनी' ब्रँडची 01 ही गाडी आली.

आमच्या मते खाण, बंदर किंवा नुसता कारखाना घ्यायचा असेल तर ओळखीला किंमत द्यावी. अभियंत्यांचा चमू घ्यायचा असेल, तर ओळखीचा माणूस कर्ज आणि परवान्यांपुरताच ठेवा, तांत्रिक समितीत नको. संशोधनाचं किमान वार्षिक बजेट, पेटंट कोणाच्या नावावर आणि प्रमुख कोण नेमणार, हे करारातच लिहून घ्या.

यजमान देशात घरच्या ओळखी चालतील, असं धरू नका. ग्रेट वॉल या चिनी वाहन कंपनीने जानेवारी 2020 मध्ये तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचं ठरवलं. एप्रिलमध्ये भारतात शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, ती मिळालीच नाही आणि 2022 मध्ये व्यवहार मोडला.

भागीदाराच्या पेटंटांचा एकूण आकडाही पाहू नका. चीनमध्ये 'युटिलिटी मॉडेल' (छोट्या सुधारणांसाठीच्या) पेटंटाला सखोल तपासणी लागत नाही, मुदत 10 वर्षं. शोध-पेटंटाला तपासणी आणि 20 वर्षं. अनुदानासाठी पहिल्या प्रकारची संख्या फुगवली जात असे. दोन्ही आकडे वेगळे मागवा.