डोळ्याचे स्टेरॉइड ड्रॉप्स ‘शॉर्ट’ असताना: पुण्यातल्या औषधकाउंटरांची पारख

‘कंपनीकडूनच माल नाही’ असं मेडिकलवाला म्हणाला की पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: ब्रँड नाही की कंटेंटच, म्हणजे औषधातला मुख्य घटकच, नाही? बऱ्याचदा टंचाई एखाद्या ब्रँडची असते. चिठ्ठीवर तोच ब्रँड लिहिलेला, त्यामुळे घरचं माणूस औंधपासून हडपसरपर्यंत तीच पेटी शोधत फिरतं. हे ड्रॉप्स मिळण्याची पुण्यातली ठिकाणं पाच तऱ्हेची आहेत: कोपऱ्यावरचं मेडिकल, नेत्ररुग्णालयातलं औषधदुकान, सदाशिव पेठेतला घाऊक बाजार, घरपोच अ‍ॅप आणि जनऔषधी केंद्र. खालची पारख एकाच कसोटीवर केली आहे: हवी ती बाटली नसते तेव्हा काउंटरमागचा माणूस काय करतो.

आधी बाटलीबद्दल, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा यूव्हियायटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या दाहात) सर्रास लिहून दिलं जाणारं औषध म्हणजे प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का. हे सस्पेन्शन आहे. औषध विरघळलेलं नसतं, त्याची अगदी बारीक भुकटी द्रवात तरंगत असते. बाटली रात्रभर उभी राहिली की तळाला पांढरा साका बसतो. न हलवता टाकलं तर सुरुवातीच्या थेंबांत औषध कमीच पडतं आणि शेवटच्या थेंबांत नको इतकं. मग ‘ड्रॉप्स लागू पडत नाहीत’ अशी तक्रार येते. बाटली उजेडासमोर धरावी आणि तळ स्वच्छ दिसेपर्यंत हलवावी. पंधरा-वीस हेलकावे लागतात. त्यानंतरही गुठळ्या दिसल्या तर बिलासकट परत करावी.

याच प्रेडनिसोलोनचा सोडियम फॉस्फेट हा दुसरा क्षार आहे. तो पाण्यासारखा स्वच्छ असतो, हलवावा लागत नाही, पण कॉर्नियातून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून) आत अ‍ॅसिटेटइतका उतरत नाही. ‘सेम कंटेंट आहे’ म्हणून जो तो पुढे सरकवतो, त्याने पेटीवरचं अर्धंच नाव वाचलेलं असतं. असा काउंटर या कामाचा नाही, मग तिथे दहा टक्के सूट मिळत असली तरी.

स्टेरॉइड ड्रॉप्स शेड्यूल ‘एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, येतात. औषध नियमांतल्या नियम ६५ प्रमाणे अशा चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं औषध, घटक तोच असला तरी, फार्मासिस्टने परस्पर द्यायचं नसतं. म्हणजे ‘डॉक्टरांना फोन लावा, बदलून देतो’ म्हणणारा नियमाने वागतोय, अडवणूक करत नाहीये. फेऱ्या वाचवायच्या तर उपाय दवाखान्यातच करून घ्यावा. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी घटकाचं पूर्ण नाव, टक्केवारी, सस्पेन्शन की सोल्यूशन, कोणता डोळा, दिवसातून किती वेळा आणि किती आठवडे, एवढं लिहून मागावं. जोडीला ‘न मिळाल्यास अमुक, इतक्या वेळा’ अशी एक ओळ असली तर अर्धी पायपीट वाचते.

आता काउंटर. कोपऱ्यावरच्या मेडिकलची ताकद त्याच्या स्टॉकिस्टांत, म्हणजे माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्यांत, आहे. ‘संध्याकाळच्या मालात मागवतो’ म्हणणारा दुकानदार चार जणांकडे विचारू शकतो, ते गिऱ्हाइकाला जमत नाही. त्याची उणीव शेल्फवर दिसते. साधं स्टेरॉइड नसलं तरी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आणि डेक्सामेथासोन किंवा टोब्रामायसिन आणि डेक्सामेथासोन असे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचे जोड-ड्रॉप्स तिथे हमखास असतात आणि तेच सुचवले जातात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत डॉक्टर स्वतः असे ड्रॉप्स देतात, ते ठीक. पण यूव्हियायटिसचा पेशंट महिनोन्‌महिने स्टेरॉइड टाकत असतो; त्याच्या डोळ्यात विनाकारण अँटिबायोटिक जात राहतं, आणि स्टेरॉइडही बदललेलं असतं ते वेगळंच. ‘फक्त स्टेरॉइडचे द्या, मिक्स नको’ हे स्पष्ट सांगावं.

नेत्ररुग्णालयातलं औषधदुकान टंचाईत सगळ्यात उजवं. घोले रोडवरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, मोहम्मदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय, ससूनचा नेत्रविभाग अशा ठिकाणी औषध लिहिणारे डॉक्टर जवळच असतात, त्यामुळे बदलाचा निर्णय लगेच लागू शकतो. शिवाय नेत्ररुग्णालयाच्या काउंटरवर दिवसभर याच बाटल्या हाताळल्या जातात. सस्पेन्शन आणि इमल्शनमधला (तेल-पाण्याच्या दुधाळ मिश्रणातला) फरक समजावून सांगावा लागत नाही. माल कमी असला की अशी दुकानं आधी आपल्या पेशंटचं बघणार, हे गृहीत धरून फोन करूनच निघावं.

सदाशिव पेठेबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: ‘पेठेत सगळं मिळतं.’ मिळतं, पण दुकानदाराला. घाऊक विक्रीचा परवाना वेगळा आणि किरकोळचा वेगळा. नुसता घाऊक परवाना असलेला स्टॉकिस्ट पेशंटला एक बाटली विकू शकत नाही. गाडी लावायला अर्धा तास घालवून रिकाम्या हाताने परतणारे लोक याच कारणाने परततात. दोन्ही परवाने असलेली दुकानं तिथे आहेत, तीच शोधावीत. मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून चालत जाणं सोपं. पेठेचा खरा उपयोग माहितीसाठी आहे. टंचाई शहरापुरती आहे की कंपनीनेच बॅच काढलेली नाही, हे तिथे नीट कळतं.

त्यासाठी पेटीच्या कडेची बारीक अक्षरं वाचावीत. विकणारी कंपनी एक आणि बनवणारा कारखाना दुसरा, असं डोळ्यांच्या औषधांत पुष्कळदा असतं. निर्जंतुक सस्पेन्शन बनवणं किचकट, म्हणून अनेक ब्रँड ते एखाद्या कारखान्याकडून करून घेतात. तुमच्या ब्रँडचा आणि सुचवलेल्या दुसऱ्या ब्रँडचा कारखाना एकच निघाला, तर एकाचा माल थांबला की दुसऱ्याचाही लवकरच थांबण्याची शक्यता असते. तिसरा, वेगळ्या कारखान्याचा शोधावा.

घरपोच अ‍ॅपवर घटकाच्या नावाने शोधता येतं, ही मोठी सोय. चिठ्ठीचा फोटो चढवला की पर्यायी ब्रँडही दिसतात. पण ‘उपलब्ध’ दिसलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी रद्द होणं टंचाईत नेहमीचं आहे, आणि दर तासाला थेंब टाकणाऱ्याला एक दिवस परवडत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात डिलिव्हरीच्या पिशवीत दुपारभर फिरलेली बाटलीही नको. सकाळची पहिली किंवा संध्याकाळची वेळ निवडावी. पेटीवर तापमानाची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळावी. सस्पेन्शन फ्रीजरमध्ये मात्र कधीच ठेवू नये.

जनऔषधी केंद्रात ब्रँड विचारण्यात अर्थ नाही, घटक सांगावा. ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर औषध आणि जवळचं केंद्र सापडतं. त्या क्षणी बाटली शिल्लक आहे का, ते फोन करूनच विचारावं.

किती बाटल्या लागतील, हा हिशेब चिठ्ठी मिळते त्याच दिवशी करावा. ५ मिलीच्या बाटलीत ढोबळमानाने १०० थेंब. मोतीबिंदूनंतर दिवसाला सहा वेळा सुरू करून दर आठवड्याला एक कमी करत आणायचं असेल, तर ६+५+४+३+२+१ म्हणजे २१, गुणिले ७, म्हणजे १४७ थेंब. एका बाटलीत भागत नाही. शिवाय उघडलेली बाटली महिन्याने टाकायची असते, त्यामुळे दुसरी लागतेच. यूव्हियायटिसच्या जोरात दर तासाला एक थेंब असेल तर जागेपणीचे १६ तास धरून आठवड्याला ११२ थेंब, तेही एका डोळ्याला. अशा पेशंटने दुसरी बाटली पहिलीबरोबरच घ्यावी. सहा-सहा बाटल्या साठवू नयेत. तुमच्या कपाटातल्या बाटल्या दुसऱ्या कुणाच्या तरी चिठ्ठीवरच्या असतात.

थेंब वाया जातात ते दोन ठिकाणी. पहिलं टोपण. अनेक बाटल्यांच्या टोपणात आतून काटा असतो. टोपण घट्ट फिरवलं की तो नळीला नेमकं भोक पाडतो. लोक ते न बघता सुईने टोचतात किंवा कात्रीने टोक कापतात. भोक मोठं, थेंब मोठा, बाटली दोन आठवड्यांत खलास, आणि जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. दुसरं म्हणजे ‘नीट गेला की नाही’ म्हणून टाकलेला जादा थेंब. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच येतो. खालची पापणी ओढून एक थेंब टाकावा, डोळा मिटावा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरावा. दुसरं औषध पाच ते दहा मिनिटांनी.

बदली औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच, पण काय बदललं ते कळायला हवं. डायफ्लुप्रेडनेट ०.०५ टक्के हे इमल्शन आहे. हलवावं लागत नाही आणि प्रेडनिसोलोनपेक्षा जोरकस आहे. यूव्हियायटिसच्या चाचण्यांत ते दिवसाला चार वेळा आणि प्रेडनिसोलोन आठ वेळा, अशी तुलना झाली आणि ते कमी पडलं नाही. म्हणून जुनंच वेळापत्रक त्याला लावलं तर डोस जास्त होतो आणि डोळ्याचं प्रेशर (आतला दाब) वाढायची शक्यताही. लोटेप्रेडनॉल ०.५ टक्के आणि फ्लुओरोमेथोलोन ०.१ टक्का यांनी प्रेशर कमी वाढतं, पण डोळ्याच्या आतल्या दाहावर त्यांचा जोर कमी. मोतीबिंदूनंतर डॉक्टर ते देऊ शकतात. यूव्हियायटिसच्या भडक्यात त्यांच्यावर सहसा विसंबत नाहीत. केटोरोलॅक, नेपाफेनॅक हेही दाहावरचेच ड्रॉप्स, पण ती स्टेरॉइडं नव्हेत. स्टेरॉइड कोणतंही असो, दहा दिवसांच्या पुढे गेलं की प्रेशर तपासून घ्यावं.

‘मिळत नाही तर चार दिवस राहू दे’ हा सल्ला ज्या काउंटरवर मिळेल तिथे परत जाऊ नये. एकदम बंद केलं की दबलेला दाह उसळून येतो. तीन दिवसांचे थेंब उरले असतानाच डॉक्टरांना फोन करावा. शेजाऱ्याच्या फ्रीजमधली उरलेली बाटलीही नको, आणि शेतात उसाचं पातं लागून लाल झालेल्या डोळ्यात तर मुळीच नको: तिथे बुरशीची जखम असू शकते आणि स्टेरॉइडने ती फोफावते. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीला सुरू झालेल्या डोळे येण्याच्या साथीसारख्या वेळीही विषाणूने आलेल्या डोळ्यांत मनाने स्टेरॉइड टाकायचं नसतं.

घटकच कुठे मिळत नसेल तर राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाच्या ‘फार्मा जन समाधान’वर नोंद करता येते, ही सोय २०१५ पासून आहे. घटक, टक्केवारी, विचारलेल्या दुकानांची नावं आणि तारखा हाताशी ठेवाव्यात.

आणि गणपतीत हिशेब आधीच करावा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, कुमठेकर, टिळक आणि केळकर रस्ते मिरवणुकीत असतात, पेठेतला माल हलत नाही. त्या आठवड्याची बाटली दोन-तीन दिवस आधीच घरात आलेली असावी.