वाडीतली बैठक की मुंबईतले ग्राममंडळ?

विद्यमान आमदाराविरुद्ध उभ्या राहणाऱ्या नव्या उमेदवाराने कोकणात पाठबळ कोठून उभारावे, याची दोन उत्तरे मिळतात. लालबाग-परळपासून नालासोपाऱ्यापर्यंत पसरलेल्या ग्राममंडळांच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळांच्या, सभेत एका संध्याकाळी अनेक गावांचे चाकरमानी भेटतात, वर्गणीही जमते, आणि त्यांनी गावी केलेला एक फोन घरची मते फिरवू शकतो. मात्र अनेकांचे नाव मुंबईच्याच मतदारयादीत असते, आणि मतदान २०२४ प्रमाणे नोव्हेंबरात आले, तर गणपतीची गर्दी केव्हाच परतलेली असते.

वाडीतली बैठक संथ चालते. रात्री जेवणे आटोपल्यावर खळ्यात चटई पसरली जाते, कोऱ्या चहाचे पेले फिरतात, आणि तासभर पाखाडी (वाडीतली पायवाट), नळपाणी नि बंद पडलेली वस्तीची (रात्री गावात मुक्कामाला थांबणारी) एस.टी. यांवरच बोलणे होते. मत कोणाला, हे कोणीही उघड सांगत नाही. (जाणती माणसे गप्पच राहिली, तर तो बहुधा नकार समजावा.) तरीही विधानसभेच्या उमेदवाराला असलेल्या ४० लाख रुपयांच्या खर्चमर्यादेच्या जवळपासही न पोहोचणाऱ्या उमेदवाराने आधी वाड्याच गाठाव्यात, असे मला वाटते, कारण मतदान केंद्रावर उमेदवारातर्फे दिवसभर बसणारा मतदान प्रतिनिधी त्याच मतदारसंघातला मतदार असावा लागतो, आणि तो लालबागेत सापडत नाही.