पात्रांसोबतच्या जेवणाचे टेबल : खबर देणारी सेवा काही महिने वापरल्यावर

फ्लॉरिडात ऑरलँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये कॅरेक्टर डायनिंगचे, म्हणजे मिकीसारखी डिस्नेची पात्रे जेथे भेटायला येतात अशा जेवणाचे, बुकिंग मिळवण्यासाठी मी गेले काही महिने टेबल मोकळे झाले की कळवणारी एक सशुल्क अलर्ट सेवा वापरत आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांची ऑरलँडोची सहल आखण्याचे काम बहुधा माझ्याच वाट्याला येते. त्यामुळे वेगवेगळ्या कुटुंबांसाठी आणि वेगवेगळ्या मोसमांत ही सेवा पारखता आली. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक सेवा एकाच पद्धतीने चालतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष त्या पद्धतीचेच आहेत.

अलर्टची गरज का पडते, हे आरक्षणाच्या नियमांवरून कळते. 2020 पूर्वी ही टेबले 180 दिवस आधी उघडत असत. आता ती 60 दिवस आधी उघडतात. ऑनलाइन बुकिंग ऑरलँडोच्या वेळेनुसार सकाळी 6 च्या सुमारास सुरू होते. मात्र डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या 60 दिवस आधी पुढच्या 10 दिवसांपर्यंतचे सगळे बुकिंग एकदम करता येते. म्हणजे बाहेरच्या हॉटेलात उतरणारा माणूस साठाव्या दिवशी पहाटे उठून बसला, तरी त्या तारखेची बरीच टेबले त्याच्या आधीच गेलेली असतात. तत्काळ तिकिटासाठी 10 च्या ठोक्याला बोटे सरसावून बसणाऱ्यांना ही धडपड ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की येथे काहींसाठी खिडकी आधीच उघडलेली असते. म्हणून डिस्नेच्या हॉटेलात राहणार असाल, तर सर्वांत दुर्मीळ जेवण मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत ठेवावे, हा माझा पहिला आग्रह आहे. पहिल्याच दिवशी सिंड्रेलाच्या किल्ल्यातले जेवण हवे, असा हट्ट धरला की अलर्टवाचून गत्यंतर राहत नाही.

भारतातून बुकिंग करणाऱ्यांसाठी वेळेचे गणित आणखी एक अडचण आणते. अमेरिकेतील घड्याळे पुढे असतात त्या काळात ऑरलँडोचे सकाळचे 6 म्हणजे आपल्याकडचे दुपारचे 3:30, आणि हिवाळ्यात 4:30. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे सरकतात आणि मे महिन्याच्या सुटीतल्या सहलीचे बुकिंग नेमके या बदलाच्या आसपास पडते, हे पुण्यातल्या माझ्या भावाच्या कुटुंबासाठी तारखा जुळवताना ध्यानात ठेवावे लागले.

आता सेवेविषयी. उपाहारगृह, तारीख, न्याहारी की रात्रीचे जेवण आणि माणसांची संख्या एवढी माहिती भरून ठेवली, की ती डिस्नेच्या संकेतस्थळावरची उपलब्धता ठरावीक अंतराने तपासत राहते आणि टेबल मोकळे दिसताच एसएमएस किंवा ईमेल पाठवते. बुकिंग मात्र आपल्यालाच करावे लागते. येथेच बहुतेकांची अपेक्षा चुकते. तोच संदेश त्याच क्षणी आपल्यासारख्या कितीतरी जणांना गेलेला असतो. दुव्यावर जाऊन, लॉगिन करून, कार्डाचा तपशील भरेपर्यंत टेबल दुसऱ्याने घेतलेले असते. फोनवर डिस्नेचे अ‍ॅप आधीपासून लॉगिन केलेले, कार्ड जतन केलेले आणि सोबतच्या सर्वांची नावे आधीच जोडलेली असतील, तरच हा खेळ खेळण्यात अर्थ आहे. ईमेलचा मला जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही, कारण तो जाहिरातींच्या पानात जाऊन पडत असे. एसएमएस सुरू केल्यावरच टेबले हाती लागू लागली. ज्यांना भारतातून ही सेवा घ्यायची आहे, त्यांनी भारतीय क्रमांकावर एसएमएस येतो का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. आमच्या सेवेवर तो येत नसे. शेवटी भावासाठीचे अलर्ट माझ्या क्रमांकावर घेतले आणि बुकिंगही मीच केले.

टेबले मोकळी होतात ती लोक बुकिंग रद्द करतात म्हणून, आणि रद्द करण्याच्या नियमातच अलर्टचे खरे रहस्य आहे. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या 2 तास आधीपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येते. न कळवता गैरहजर राहिल्यास किंवा उशिरा रद्द केल्यास माणशी 10 डॉलर कापले जातात. पूर्वी आदल्या दिवसापर्यंत रद्द करावे लागे, तेव्हा टेबले आदल्या रात्री सुटत. आता माझ्या अनुभवात दोन वेळा महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे सहलीच्या आधीचा आठवडा, जेव्हा लोकांचे बेत पक्के होतात आणि दोन-दोन ठिकाणी अडवून ठेवलेल्या जागा ते सोडून देतात. दुसरी म्हणजे त्याच दिवशीची सकाळ, जेव्हा थकलेली मुले उठत नाहीत आणि आईवडील अंथरुणातूनच बुकिंग रद्द करतात. साठाव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत मात्र अलर्ट बहुधा मुके असतात. या काळात महिन्याचे पैसे भरत राहण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

माणसांच्या संख्येचा प्रश्न याहून नाजूक आहे. आजी-आजोबांसह सहा-सात जणांचे मराठी कुटुंब एका टेबलासाठी अडून बसले, तर हाती फारसे काही लागत नाही, कारण सुटणारी टेबले बहुतांशी दोन ते चार जणांची असतात. आम्ही चार आणि तीन असे दोन अलर्ट लावले, जवळजवळच्या वेळा घेतल्या आणि दारातल्या कर्मचाऱ्यांना शेजारची टेबले देण्याची विनंती केली. ती मान्य होईलच, याची हमी कोणी देत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला ठरावीक दराच्या या जेवणांत पैसे पडत नाहीत, परंतु बुकिंगच्या संख्येत त्यालाही धरावे लागते. दहा वर्षे पूर्ण झाली, की मुलाला मोठ्यांचा दर लागतो. हा दर कमी नाही: अनेक ठिकाणी न्याहारीलाच मोठ्या माणसामागे 50 डॉलरच्या पुढे खर्च येतो.

अलर्ट लावताना जेवणाची वेळ नीट निवडावी. रिव्हिएरा रिझॉर्टच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील टोपोलिनोज टेरेसमध्ये पात्रे फक्त न्याहारीला येतात, आणि पॉलिनेशियन रिझॉर्टमधील ओहानाचेही तसेच आहे. रात्रीचे टेबल मिळाल्याच्या आनंदात मुलांना तेथे नेले, तर मिकीही भेटणार नाही आणि स्टिचही. टोपोलिनोजमध्ये मिकी चित्रकार, मिनी कवयित्री, डोनाल्ड शिल्पकार आणि डेझी नर्तकी असते. पात्रे क्रमाने प्रत्येक टेबलाशी थांबतात, त्यामुळे मुलांना रांगेत उभे करावे लागत नाही आणि आजोबांना खुर्चीवर बसूनच फोटो काढता येतात. माझ्या सासूबाईंना, ज्यांना मिकी माउसचे काडीचेही कौतुक नाही, हे बसून भेटण्याचे सुख फार भावले. वाइल्डरनेस लॉजमधील आर्टिस्ट पॉइंटमध्ये रात्री स्नो व्हाइटसोबत जेवता येते. तेथे दुष्ट राणी टेबलापाशी येत नाही, आपल्यालाच तिच्या दरबारात हजर व्हावे लागते, आणि आमच्या पुतणीने तेथे कॅमेऱ्याकडे पाहण्याचेही धाडस केले नाही.

शाकाहारी माणसांचे हाल होत नाहीत, पण अंडेही न खाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच तशी नोंद करावी आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगावे. वाफल, पॅनकेक आणि पेस्ट्री यांत अंडे असतेच, असे धरून चालावे. बुफेपेक्षा ताटात वाढून आणणारे ठिकाण अशा वेळी सोयीचे पडते, कारण स्वयंपाकघराशी बोलता येते.

ज्यांना हवे ते टेबल मिळाले नाही, त्यांना कॉन्टेम्पररी रिझॉर्टमधील शेफ मिकीज हा पर्याय मी आधी सुचवते. डोक्यावरून इमारतीच्या आतूनच मोनोरेल जाते, मध्येच सगळे जण रुमाल हवेत फिरवतात आणि मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो असे पाचही जण भेटतात. हॉटेलातील अशा जेवणांना पार्कचे तिकीट लागत नाही, हा मोठा फायदा आहे. पार्कला न जाण्याचा विश्रांतीचा दिवस त्यासाठी राखून ठेवता येतो. सिंड्रेलाज रॉयल टेबल, म्हणजे सिंड्रेलाच्या किल्ल्यातले जेवण, मात्र मॅजिक किंगडम या पार्कच्या आत आहे आणि तेथे तिकिटावाचून पोहोचता येत नाही. त्याचा अलर्ट आम्ही दोन्ही कुटुंबांसाठी लावला होता. भावाला ते मिळाले, नणंदेला मिळाले नाही. तिच्या मुलींनी एपकॉट या दुसऱ्या पार्कमधील नॉर्वे विभागातल्या आकेर्शुस या उपाहारगृहात राजकन्यांना भेटून समाधान मानले, आणि किमतीचा विचार करता मला तोच सौदा बरा वाटला.

सेवेतील उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. गर्दीच्या आठवड्यांत संदेश उशिरा येतात. काही संदेश अशा टेबलांचे असतात, जी अ‍ॅप उघडेपर्यंत दिसतच नाहीत. फुकटच्या योजनेत तपासणी इतकी विरळ आहे, की तिचा भरवसा धरू नये. दुसऱ्याच्या नावाने घेतलेले तयार बुकिंग विकणाऱ्यांच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. अलर्ट देणे आणि टेबले अडवून विकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या प्रकारात दारातून परत फिरण्याचा धोका ग्राहकाचाच असतो.

सध्या मी सहलीच्या तीन आठवडे आधी एका महिन्याचे पैसे भरते आणि सहल संपली, की सदस्यत्व बंद करते. वर्षभराची योजना तुलनेने स्वस्त दिसली, तरी वर्षातून एकदा जाणाऱ्या कुटुंबाने ती घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.