पॅलेस्टाईन प्रश्नाच्या स्पायरल नोट्स : मागचा भाग चोख, सुरुवात कच्ची

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांत एमपीएससी-यूपीएससीवाल्यांसाठी अरब-ज्यू संघर्षाच्या नोट्स मिळतात. ६४ पानं, ए-फोर, पाठपोट छपाई, ९० रुपये. कुठल्या क्लासच्या, ते छापलेलं नाही.

१९४८ नंतरचा भाग उत्तम. सुएझ १९५६, सहा दिवसांचं युद्ध १९६७, १९७३चं युद्ध, कॅम्प डेव्हिड करार १९७८, ऑस्लो करार १९९३. प्रत्येकाला एकच पान, पाल्हाळ नाही. आदल्या रात्री चाळायला एवढं पुरतं.

घोळ पहिल्या दहा पानांत आहे. 'हजारो वर्षांचं वैर' अशी सुरुवात करून लेखक अब्राहमपासून थेट १८९७ वर उडी मारतो. 'संघर्षाची मुळं सांगा' असा प्रश्न आला की नेमकं याच जागी उत्तर फसतं, कारण मुळं बरीच अलीकडची आहेत आणि त्यांतलं एक थेट जमिनीत आहे. पॅलेस्टाईन तेव्हा ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात होतं; १८५८च्या ऑटोमन कायद्याने जमिनीची नोंद करायला सांगितलं. कर आणि लष्करभरतीच्या धास्तीने अनेक गावकऱ्यांनी स्वतःचं नाव लावलंच नाही. जमिनी शहरांतल्या बड्या घराण्यांच्या नावावर चढल्या. उत्तर पॅलेस्टाईनमधल्या मर्ज इब्न आमिर खोऱ्यातला मोठा पट्टा बैरूतच्या सुरसुक घराण्याकडे गेला आणि १९२०च्या दशकात तो ज्यू संस्थांनी विकत घेतला. व्यवहार कायदेशीर, पण कसणारी कुळं उठवली गेली. कुळकायद्याआधीच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्यात, त्यांना यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी बाजूही अशीच गाळली आहे. ज्यूंच्या स्वतंत्र देशाची चळवळ (झायोनिझम) उभारणारा हर्झल आणि तिची १८९७ची बाझल परिषद आहे, पण १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या खुनानंतर रशियात ज्यूंवर झालेले हल्ले नाहीत. १८८२ पासूनचं ज्यूंचं पॅलेस्टाईनकडचं स्थलांतर मग कुणाच्या तरी डोक्यातलं खूळ वाटतं. जीव मुठीत धरून निघालेली माणसं आणि बेदखल झालेली कुळं, दोन्ही एकाच पानावर हवीत.

ब्रिटिशांच्या आश्वासनांचा क्रमही उलटा छापलाय. पेनने दुरुस्त करा : हुसेन-मॅकमहोन पत्रव्यवहार (अरबांना स्वातंत्र्याचं आश्वासन) १९१५-१६, सायक्स-पिको (ब्रिटन-फ्रान्सचा गुप्त वाटणी करार) मे १९१६, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं ज्यूंना आश्वासन देणारं पत्र २ नोव्हेंबर १९१७. बाल्फोरच्या पत्रात 'ज्यू राष्ट्र देऊ' असं नाही. 'राष्ट्रीय निवासस्थान' आहे, आणि बिगर-ज्यूंच्या नागरी व धार्मिक हक्कांना धक्का लागणार नाही असं म्हटलंय. त्यांच्या राजकीय हक्कांचा उल्लेख नाही. अरबांचा आक्षेप तिथेच होता, कारण पॅलेस्टाईनच्या १९२२च्या जनगणनेत साडेसात लाखांत ज्यू सुमारे ८४ हजारच होते. हा आकडा नोट्समध्ये नाही. समासात लिहून ठेवा, १९२९चे अरब-ज्यू दंगे आणि १९३६-३९चा अरबांचा उठाव त्याशिवाय उलगडत नाहीत.

भारताविषयीची चूक महागात पडेल अशी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २९ नोव्हेंबर १९४७च्या पॅलेस्टाईन फाळणी ठरावावर भारत 'तटस्थ' राहिला असं छापलंय. भारताने विरोधात मत दिलं. बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०. तटस्थांत खुद्द ब्रिटन होतं. त्याआधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ११ सदस्यांच्या समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने संघराज्याची वेगळी योजना मांडली होती, तिचा तर पत्ताच नाही. भारताची इस्रायलला मान्यता १७ सप्टेंबर १९५०, पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२; नोट्समध्ये दोन्ही एकाच ओळीत कोंबलेत.

फाळणीचा नकाशा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये निरुपयोगी होतो, दोन्ही राज्यं एकाच करड्या रंगाची दिसतात. दोन स्केचपेन घ्या. ज्यू राज्य : पूर्व गॅलिली, किनारपट्टीचा मधला पट्टा, दक्षिणेचं नेगेव्ह वाळवंट. अरब राज्य : पश्चिम गॅलिली, मधला डोंगराळ भाग, गाझाचा किनारा, शिवाय जाफा हे सुटं बेट. जेरुसलेम-बेथलेहेम कोरं ठेवा, ते आंतरराष्ट्रीय. रंगवताना दिसेल की दोन्ही राज्यांचे तुकडे फक्त दोन जागी कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेत, एक उत्तरेला अफुला गावाजवळ, दुसरा गाझाच्या ईशान्येला. असा देश चालवायचा कसा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

एवढ्या दुरुस्त्या करत बसायचं नसेल तर फक्त ११ ते ६४ पानांची झेरॉक्स मागा. बहुतेक दुकानदार पानांच्या हिशोबाने देतात. नकाशाचं पान रंगीत काढून मिळालं तर दहा रुपये जास्त गेले तरी चालतील.